साडेपाच वर्षांचा मानकरी

रसिकांचे काही वाद असे असतात, की ते मिटावेत असे वाद घालणाऱ्यांनाच मनापासून वाटत नसते. 'रोलिंग स्टोन्स' या इंग्लिश रॉक बँडच्या चाहत्यांत असाच एक वाद गेली पन्नास वर्षे रंगत आला आहे. १९६२ साली लंडनमध्ये उभा राहिलेल्या या बँडने साठ वर्षांनंतर, २०२३ मध्येही नवा संग्रह काढला. एवढ्या दीर्घ प्रवासात मिक टेलर नावाचा गिटारवादक त्यांच्या सोबत होता जेमतेम साडेपाच वर्षे, म्हणजे जून १९६९ पासून डिसेंबर १९७४ पर्यंत. वाद आहे तो या साडेपाच वर्षांचा. टेलर हा त्या बँडच्या वैभवाचा शिल्पकार होता, की वैभवाच्या दिवसांत येऊन गेलेला एक गुणी पाहुणा?

हा प्रश्न वरवर पाहता रिकामटेकडेपणाचा वाटेल. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. चार-पाच जणांनी मिळून एक कलाकृती घडवली, तर तिचा कर्ता कोणाला म्हणावे? गद्य-पद्याचा अभ्यास करणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना लेखक एकटा असतो असे मानण्याची सवय असते. संगीतात, आणि त्यातही रॉक संगीतात, ही सवय उपयोगी पडत नाही. म्हणून या वादाकडे जरा गांभीर्याने पाहावे, असे मला वाटते.

प्रथम माणसाची ओळख करून घेऊ. टेलरचा जन्म जानेवारी १९४९ चा. ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःखगर्भ संगीत त्याने कोवळ्या वयातच आत्मसात केले होते. जॉन मेयॉल याच्या ब्लूज-मंडळीचा कार्यक्रम होता आणि त्या दिवशी त्यांचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन आलाच नाही. तेव्हा श्रोत्यांत बसलेल्या या पोराने रंगमंचावर जाऊन उरलेला कार्यक्रम वाजवून काढला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे १९६७ मध्ये मेयॉलने त्याला रीतसर आपल्याकडे घेतले. दोन वर्षांनी स्टोन्सने आपला संस्थापक गिटारवादक ब्रायन जोन्स याला दूर केले आणि त्याच्या जागी वीस वर्षांचा टेलर आला. ३ जुलै १९६९ रोजी जोन्सचा मृत्यू झाला. ५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये प्रचंड जनसमुदायासमोर टेलर प्रथमच बँडबरोबर उभा राहिला. पदार्पणाचा दिवस आणि श्रद्धांजलीचा दिवस एकच, असा योग फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला आला असेल.

आता टेलरच्या पक्षाचे म्हणणे ऐकू. त्याच्या काळात 'स्टिकी फिंगर्स' (१९७१) आणि 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' (१९७२) हे संग्रह निघाले. बँडचे सर्वोत्तम काम म्हणून आजही बहुतेक जाणकार यांचीच नावे घेतात. 'कान्ट यू हिअर मी नॉकिंग' हे सात मिनिटांचे गाणे ऐका. पहिल्या भागात कीथ रिचर्ड्‌सची गिटार खडबडीत ठेका धरते. मग गाण्याचे शब्द संपतात, सॅक्सोफोन येतो आणि त्यानंतर टेलरची गिटार शांतपणे बोलू लागते. हा उत्तरार्ध आधी ठरवलेला नव्हता, ध्वनिमुद्रण चालू असताना तो आपोआप घडत गेला, असे सांगतात. 'स्वे' या गाण्यात तर रिचर्ड्‌सची गिटार मुळी नाहीच. ठेक्याची गिटार गायक मिक जॅगरने वाजवली आहे आणि बाकी सारा डोलारा टेलरने पेलला आहे. 'टाइम वेट्स फॉर नो वन' (१९७४) या गाण्याच्या शेवटी तो जे दीर्घ वादन करतो, ते वगळले तर त्या गाण्यात फारसे काही उरत नाही.

विरुद्ध पक्षाचे मुद्देही हलके नाहीत. 'बेगर्स बँक्वेट' हा संग्रह १९६८ चा, म्हणजे टेलर येण्यापूर्वीचा. १९६९ च्या 'लेट इट ब्लीड'मध्ये टेलर केवळ दोन गाण्यांत आहे. तेव्हा सुवर्णकाळाची पहाट त्याच्याशिवायच झाली होती. शिवाय १९६८ ते १९७३ या काळातील संग्रहांचा निर्माता जिमी मिलर होता. वैभवाच्या तारखा जुळवायच्याच झाल्या, तर त्या टेलरपेक्षा मिलरशी अधिक चांगल्या जुळतात. टेलर गेल्यावर रॉनी वुड आला, आणि १९७८ च्या 'सम गर्ल्स'ने बँडला पुन्हा मोठे यश मिळवून दिले. या पक्षाचा आणखी एक आक्षेप तत्त्वाचा आहे. ते म्हणतात की स्टोन्सची खरी खासियत दोन गिटारींची वीण ही आहे. कोणती तार कोणाची हे कळू नये, इतक्या त्या एकमेकींत गुंतलेल्या असाव्यात. जोन्सबरोबर ती वीण होती, वुडबरोबर ती पुन्हा आली. टेलरच्या काळात मात्र एकाने ठेका धरायचा आणि दुसऱ्याने गायचे, अशी वाटणी झाली.

हे दोन्ही पक्ष ऐकल्यावर 'दोघांचेही थोडे थोडे खरे' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण तो मोह टाळला पाहिजे. माझे मत स्पष्ट आहे. सुवर्णकाळ टेलरने आणला नाही, हे मान्य. पण त्याच्या साडेपाच वर्षांत या बँडला जो आवाज लाभला, तो त्याच्याशिवाय लाभला नसता. आणि तो आवाज म्हणजे गाण्यावर चढवलेला साज नव्हे. अनेक ठिकाणी तो गाण्याचा देहच आहे. जोन्स, टेलर आणि वुड या तिघांना एकाच तराजूत घालून वजन करणे हा या वादातील मूळ दोष आहे. वीण हा एक गुण आहे आणि गायकी हा दुसरा. ज्याला वीण प्रिय आहे त्याने वुडचे गोडवे अवश्य गावेत, पण तेवढ्यासाठी टेलरची गायकी उपरी ठरवू नये. आपल्याकडे साथीला बसलेल्या वादकाने तान उचलून पुढे नेली, तर गवई स्वतःच मान डोलावतो. जॅगरने नेमके हेच केले आहे. १९९५ सालच्या एका मुलाखतीत त्याने सांगितले, की टेलर हा फार ओघवता, सुरेल वादक होता, आपल्या गाण्याला तो समोरून उत्तर देई, आणि असा वादक बँडकडे ना आधी होता ना नंतर.

मग मानले कोणी नाही? मानले नाही ते हिशेबाच्या वहीने. या बँडची गाणी 'जॅगर-रिचर्ड्‌स' या जोडनावाने नोंदली जात. साडेपाच वर्षांत टेलरचे नाव त्यांच्या शेजारी लागले ते केवळ एका गाण्यावर, 'एक्झाइल'मधील 'व्हेंटिलेटर ब्लूज'वर. दक्षिण फ्रान्समध्ये रिचर्ड्‌सने भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या कोंदट तळघरात १९७१ साली या संग्रहाचे बरेचसे काम झाले. त्याच संग्रहातील 'टम्बलिंग डाइस' या गाण्यात बेस गिटारही टेलरनेच वाजवली आहे. 'मूनलाइट माइल' हे गाणे जॅगर आणि टेलर यांनी रात्रभर बसून उभे केले. त्याचे बीज रिचर्ड्‌सच्या एका छोट्या तुकड्यात होते, आणि टेलरने ते फुलवले, असे सांगितले जाते. मग हे गाणे कोणाचे? बीजाचे की मशागतीचे? कागदावर याचे उत्तर एकच आहे: जॅगर-रिचर्ड्‌सचे.

काही गाण्यांवर आपलेही नाव येईल अशी अपेक्षा होती, असे टेलरने नंतर बोलून दाखवले आहे. त्याच्या जाण्याचे हे एकमेव कारण नव्हते. त्या मंडळींच्या जीवनक्रमात मादक द्रव्यांचा जो सुळसुळाट झाला होता, तोही एक भाग होता. पण या उणिवेने मन पोखरले असणार, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पुढे वुडचे नाव 'डान्स' (१९८०), 'ब्लॅक लिमुझिन' (१९८१) अशा गाण्यांवर लागले. म्हणजे तिसरे नाव लावणे अशक्य होते, असे म्हणायलाही जागा नाही.

यात कोणी खलपुरुष होता, असे मला सुचवायचे नाही. दोष जुन्या व्याख्येचा आहे. गाणे म्हणजे शब्द आणि चाल, आणि बाकीचे सारे म्हणजे वादन, ही वाटणी छापील स्वरलिपी विकली जाई त्या काळची आहे. रॉकचे गाणे कागदावर घडत नाही, ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत घडते. तेथे एखाद्याने सुचवलेली दहा सुरांची ओळ कित्येकदा कडव्यापेक्षा अधिक लक्षात राहते. जी गोष्ट श्रोता गुणगुणत घरी जातो, तिच्या निर्मात्याला नुसता 'वाजवणारा' कसे म्हणायचे?

म्हणूनच चाहत्यांचा हा वाद मला मोलाचा वाटतो. कायद्याची वही बंद झाली, पण श्रोत्यांची वही उघडी आहे. मात्र ती नीट लिहिली पाहिजे. 'टेलर थोर होता' किंवा 'टेलर नसता तरी चालले असते' ही वाक्ये नुसत्या घोषणा आहेत. कोणत्या गाण्यात, कोणत्या जागी, काय केले, हे ज्याला सांगता येईल त्यानेच या वादात बोलावे. नाहीतर रसिकांचा वाद आणि क्रिकेटच्या संघांवरून होणारी हमरीतुमरी यांत फरक काय राहिला?

टेलरला थोडेबहुत मिळाले, हेही सांगितले पाहिजे. १९८९ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये बँडला मान मिळाला, तेव्हा सन्मानितांत त्याचेही नाव होते. २०१० मध्ये 'एक्झाइल'ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा 'प्लंडर्ड माय सोल' या अपुऱ्या राहिलेल्या गाण्यात त्याने नव्याने गिटार भरली. बँडच्या पन्नाशीनिमित्त २०१२-१३ मध्ये जे कार्यक्रम झाले, त्यांत तो पाहुणा म्हणून आला आणि मुख्यतः 'मिडनाइट रॅम्बलर' वाजवून पडद्याआड गेला. ज्याने साडेपाच वर्षे घर सजवले, त्याला ओसरीवर बसवून चहा पाजावा, तसेच काहीसे ते वाटले.

एप्रिल २००३ मध्ये हा बँड बंगळूर आणि मुंबईत येऊन गेला. टेलरला बँड सोडून तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती, आणि रिचर्ड्‌सच्या शेजारी अर्थातच वुड होता. आपल्याकडच्या नव्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना टेलरचे नाव ठाऊक नसेल, तर तो त्यांचा अपराध नाही. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की कोणत्याही पक्षात जाण्यापूर्वी 'स्वे' हे गाणे एकदा एकाग्रतेने ऐकावे. शब्द संपल्यावर जी गिटार गात राहते तिच्याकडे लक्ष द्यावे, आणि मग तबकडीवर कर्ता म्हणून कोणाची नावे छापली आहेत ती वाचावीत. ती नावे अपुरी आहेत असे ज्याला वाटेल, त्याला टेलरचा वाद कशासाठी चालू आहे हे आणखी समजावून सांगावे लागणार नाही.