भिंतीची ओल आणि छातीची घरघर

वेल्ह्याकडील एका गावातून एक आजोबा दर पावसाळ्यात नातवाला घेऊन दवाखान्यात येत. "डॉक्टर, पोराचा खोकला काय हटंना. औषध संपलं की पुन्हा छाती वाजतीया." उन्हाळ्यात मात्र हेच पोर रानात हुंदडत असे. तिसऱ्या वर्षी मी औषध लिहून देता देता घराची चौकशी केली. जुन्या दगडी घराला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, त्यालाही तिसरेच वर्ष होते. मुलाचे अंथरूण त्याच भिंतीला लागून. भिंतीवर काळे ठिपके आणि कपड्यांना कुबट वास!

एका मुलावरून सिद्धांत मांडू नये, हे खरे. परंतु ओल आणि श्वसनाचे विकार यांचे नाते आता वादाचे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर व दम्याचा त्रास अधिक होतो, असे तीत नमूद आहे.

आपल्या भागातील जुनी घरे काळ्या दगडाची, सांधे मातीचे किंवा चुन्याचे. पावसात अशा भिंती ओल घेतात आणि ऊन पडले की सांध्यांतून सोडतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने तो ही वाट अडवत नाही. सिमेंट घट्ट असते. त्याला बारीक चिरा पडतात, त्यांतून पाणी आत शिरते. बाहेर पडायला मात्र जागा उरत नाही. मग ते खोलीच्या बाजूने फुटते. सिमेंट वाईट नव्हे. पण जुन्या भिंतीला ते मानवत नाही. भारतात पोर्टलंड सिमेंट व्यापारी प्रमाणावर निघू लागले ते १९१४ साली, पोरबंदरला. भोरचा राजवाडा त्याआधीचा, १८६९ चा. गडांवर चुन्याच्या घाणीचे गोल दगडी चर आपण पाहतोच. आपल्या वाडवडिलांना पाऊस ठाऊक होता, आणि चुनाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, जुन्या दगडी घराला गिलावा करायचाच तर चुन्याचा करावा. "खर्च फार, वेळ फार, गवंडी मिळत नाही," अशी तक्रार होते आणि ती खोटी नाही. पण सारे घर एकदम कशाला? मूल किंवा म्हातारे माणूस निजते त्या खोलीपासून सुरुवात करा. त्याआधी फुटकी कौले बदला, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढा. पाणी मुरतच राहिले तर चुनाही काही करू शकणार नाही. काम दिवाळीनंतर काढावे; चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कठीण होतो, त्याला पावसाआधी पुरेसा अवधी हवा.

आता डॉक्टर म्हणून इशारा. कळीचा चुना पाण्यात पडला की रटरट उकळतो. तो डोळ्यात उडाला तर बुबुळ जळून दृष्टी कायमची जाऊ शकते. चुना भिजवताना चष्मा व रबरी हातमोजे घालावेत, मुलांना लांब ठेवावे. डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू नये. तूप, दूध घालू नये. पापण्या उघडून ताबडतोब स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवावे, दिसणारे कण पाण्याने काढून टाकावेत आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. जुना गिलावा खरवडताना भिंत ओली करावी, नाकातोंडावर मास्क लावावा. दमेकऱ्याला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे.

भिंत सुधारली म्हणून दम्याचे औषध मनाने बंद करू नका. पण भिंत आजारी ठेवून नुसते छातीला औषध देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. यंदा पावसाळा संपला की घरातल्या भिंतींवरून एकदा हात फिरवून पाहा. हाताला ओल लागली, तर माझ्याकडे येण्याबरोबरच गवंड्यालाही बोलवा.