पान्याला माप हवे

'टॅपेट वाजतंय, जरा आवळून द्या,' ही दुचाकीच्या गॅरेजमधली रोजची मागणी. गिऱ्हाइकाला घाई असते, गाडी नुकतीच रस्त्यावरून आल्याने इंजिन तापलेले असते आणि मिस्त्रीपुढे आणखी चार गाड्या उभ्या असतात. मग झाकण उघडायचे, आवाज जाईपर्यंत स्क्रू फिरवायचा, चेकनट आवळायचा आणि पाच मिनिटांत गाडी परत द्यायची. आवाज गेला म्हणजे काम झाले, अशी दोघांचीही समजूत. इंजिनाच्या नाशाला पुष्कळदा इथूनच सुरुवात होते.

रॉकरवरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात थोडी फट मुद्दाम राखलेली असते. छोट्या दुचाकीत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, ट्रॅक्टरच्या इंजिनात त्याहून जास्त. व्हॉल्व्ह तापून लांबला तरी पूर्ण मिटावा, यासाठी ती असते. फटच ठेवली नाही तर व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अंगातली बरीचशी उष्णता सीटला टेकलेला असतानाच हेडला देतो. टेकायलाच मिळाले नाही तर ती उष्णता त्याच्यातच राहते, कडेने जळता वायू निसटत राहतो आणि कड जळून जाते. सकाळी किका मारून जीव मेटाकुटीला येतो, चढावर पिकअप लागत नाही आणि शेवटी हेड उतरवावे लागते. एवढे होईपर्यंत इंजिन गप्पच असते. वाजणारे टॅपेट निदान आपले दुखणे सांगते. आवळून गप्प केलेले टॅपेट काही न सांगता व्हॉल्व्ह खाते.

सैल राहिलेला चेकनटही तितकाच वाईट. मिनिटाला 6000 फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 3000 वेळा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. त्या थरथरीत अर्धवट आवळलेला नट सुटतो, स्क्रू मागे सरकतो, फट वाढते आणि रॉकर दांड्यावर घाव घालू लागतो. व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, कॅमचा माथा झिजतो. पुशरॉड असलेल्या इंजिनात रॉड जागचा निसटून वाकतो आणि तो सिलिंडर मारायचा थांबतो. ऊसवाहतुकीच्या ऐन हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर असा रस्त्यात उभा राहिला, की एका नटाची किंमत मालकाला कळते.

तिसरा प्रकार ताकदीचा. जितके जास्त आवळावे तितके पक्के, ही समजूत लोखंडी हेडच्या काळात कदाचित खपून गेली असेल. आजच्या ॲल्युमिनिअमच्या हेडला ती सोसत नाही. 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. 15 सेंटिमीटरच्या पान्यावर तो होतो सुमारे सात-आठ किलोंचा जोर. लांब दांड्याचा पाना घेऊन अंगाचा भार टाकला की आटे जातात. कॅमशाफ्टवरचे होल्डर एका बाजूने आवळत नेले तर ते वाकडे बसतात, कधी तडकतात, कधी शाफ्टच जाम करतात. म्हणून ते समोरासमोरचे बोल्ट घेत, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात.

खरे तर नीट काम अवघड नाही. इंजिन थंड असावे. फ्लायव्हीलवरची खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणावा. फिलर गेजची पात किंचित अडत सरकेल इतका स्क्रू फिरवावा, तो किल्लीने धरून ठेवावा आणि मग चेकनट आवळावा. नट आवळताना स्क्रूही बरोबर थोडा फिरतो, म्हणून शेवटी पात पुन्हा घालून पाहावी. घाईत नेमकी ही शेवटची पायरी गाळली जाते आणि बरोबर लावलेले टॅपेट चुकीचे होऊन बसते.

यात मिस्त्रीला एकट्याला धारेवर धरणे अन्यायाचे आहे. त्याचा हात तयार असतो, पण हाताला आकडा कोणी दिलेला नसतो. फिलर गेज स्वस्त मिळते, टॉर्क रेंच मात्र छोट्या गॅरेजला परवडायला जड जातो. कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक बोल्टचे माप असते, ते गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोहोचत नाही. केंद्र सरकारने 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले. त्यात वाहने आणि शेतीची यंत्रे ही दोन्ही क्षेत्रे आहेत. ग्राहकाचा दुरुस्तीचा हक्क खरा व्हायचा असेल तर प्रत्येक मॉडेलची फट आणि टॉर्क यांचा एकपानी तक्ता कंपन्यांनी मराठीत, फुकट आणि सर्वांना उपलब्ध करून द्यावा. आयटीआयच्या मुलांच्या हाती टॉर्क रेंच पुन्हा पुन्हा पडावा आणि त्यांची परीक्षा मोजलेल्या आकड्यावर व्हावी. मापाची अवजारे घेणाऱ्या गॅरेजांना बँकांनी छोटी कर्जे द्यावीत.

आपण गाडीवाल्यांनीही एक शिस्त लावून घ्यावी. टॅपेटच्या कामाला गाडी सकाळी, थंड असताना न्यावी किंवा आदल्या रात्री ठेवून यावी. आवाज गेला का, एवढेच विचारू नये. फट किती ठेवली, ते विचारावे आणि आकडा बिलावर लिहून घ्यावा. मोजून काम करणाऱ्या मिस्त्रीने त्यासाठी पन्नास-शंभर रुपये जास्त मागितले तर घासाघीस न करता द्यावेत. उतरवलेल्या हेडच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत, आणि मापाने काम करणारी माणसे या धंद्यात टिकायची असतील तर त्या मापाला मोल मिळालेच पाहिजे.