जुनी मोटार, जागा ग्राहक

जुनी मोटार घेणारा गाडीबरोबर तिचे दोषही विकत घेतो, असा समज बाजारात जाणीवपूर्वक रुजविला गेला आहे. ‘जशी आहे तशी’ या तीन शब्दांखाली खरेदीदाराची स्वाक्षरी घेतली, की विक्रेता निर्धास्त होतो. वास्तविक झीज आणि लबाडी या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. दहा वर्षे धावलेल्या गाडीचा क्लच झिजणारच. त्याबद्दल तक्रार असू नये. परंतु मीटर मागे फिरवून गाडी विकणे ही फसवणूकच होय आणि १८७२ च्या करार कायद्यानुसार असा व्यवहार रद्द करण्याचा अधिकार खरेदीदारास आहे. विक्रेता व्यापारी असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र बंधनकारक झाले आहे. मात्र कायदा पुरावा मागतो. म्हणूनच विक्रेत्याची प्रत्येक ग्वाही कागदावर घ्यावी. ग्राहकाचा भिडस्तपणा हेच लबाडीचे खरे भांडवल आहे.