चित्रपट काढण्यापूर्वी

मोबाइल हाती आला की चित्रपट तयार झालाच, असे पुष्कळ मुलांना वाटते. आमच्या तीर्थपुरीतील मुलांनाही तसेच वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाने दहा मिनिटांचा चित्रपट काढायचे ठरवले. विषय होता आठवडी बाजार. आठ मुले चार मोबाइल घेऊन बाजारात गेली. संध्याकाळी सर्वांनी मिळून चित्रण पाहिले. निम्म्या दृश्यांत सूर्य माणसांच्या पाठीमागे, त्यामुळे चेहरे काळेठिक्कर. भाजीवाल्यांच्या आरोळ्यांत मुलांचे संवाद बुडून गेलेले. एका मोबाइलमधली जागा ऐन वेळी भरली, दुसऱ्याची बॅटरी संपली. आणि एवढे करून आपल्याला नेमके काय सांगायचे होते, हे एकालाही सांगता येईना. दोष मुलांचा नव्हता. "जा, चित्रण करून आणा," असे मीच म्हटले होते.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. शाळेच्या चित्रपटाला मोबाइल आणि संगणक सर्वांत जास्त उपयोगी पडतात ते चित्रणाआधीच्या पंधरा दिवसांत.

विद्यार्थी मित्रांनो, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तुम्हांला ठाऊक असेल. यंत्रमागांचे ते शहर. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट काढला. पैसा थोडा आणि साधने त्याहून थोडी. घोडे परवडत नव्हते, म्हणून त्यांचे डाकू सायकलींवर बसून आले. कॅमेरा सरकवण्याचे कामही सायकलनेच केले, आणि उंचावरचे दृश्य घेण्यासाठी बैलगाडी क्रेनच्या जागी उभी राहिली. पुढे फैझा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट काढला, आणि रीमा कागती यांनी त्यांच्यावर काढलेला चित्रपट २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. लोक या सगळ्याला जुगाड म्हणतात आणि हसतात. मला हा शब्द अपुरा वाटतो. घोडा मिळणार नाही, हे चित्रणाच्या दिवशी सकाळी कळले असते, तर सायकली कुठून आल्या असत्या? कोणीतरी आधी बसून विचार केला होता, म्हणूनच त्या आल्या.

दादासाहेब फाळके यांचेही तेच. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, पण त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली होती. कॅमेरा आपल्याला चालवता येतो, हे पैसे देणाऱ्यांना त्यातून दिसले.

यंदा आम्ही तयारीपासून सुरुवात केली. मुलांनी गोष्ट मोबाइलला बोलून सांगितली आणि मोबाइलने ती लिहून घेतली, आधी उर्दूत, मग मराठीत. मराठी लिहिताना अडखळणारी मुले बोलताना मात्र अडली नाहीत. (मोबाइलने केलेल्या चुका त्यांनी माझ्याआधी पकडल्या, हे विशेष.) मग प्रत्येक दृश्याचे छोटे चित्र काढून त्याचा फोटो घेतला आणि सर्व फोटो संगणकावर ओळीने लावले. येथे एक गंमत झाली. निम्म्या मुलांनी चित्रे उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे काढली होती. संगणकाने ती डावीकडून मांडली, आणि आमचा दुकानदार माल विकण्याआधीच पैसे मोजू लागला! शेवटी प्रत्येक चित्राला क्रमांक दिले.

नंतर तक्ता केला. दृश्य कोणते, जागा कोणती, किती वाजता, कोण लागेल, सामान काय. बाजाराच्या जागेचे सकाळी आठला, दुपारी बाराला आणि सायंकाळी पाचला फोटो काढले, तेव्हा ऊन कोणत्या बाजूने येते ते कळले. हिशेबही मांडला. एका मिनिटाच्या स्वच्छ चित्रणाला साधारण सव्वाशे एमबी जागा लागते. दहा मिनिटांच्या चित्रपटासाठी प्रत्येक दृश्य पाच वेळा घ्यायचे म्हटले, तर पन्नास मिनिटे, म्हणजे सहा जीबीहून अधिक. गेल्या वर्षी हा गुणाकार कोणी केला असता तर!

एक गोष्ट मात्र मला खटकते. वर्गात सर्वांच्या घरी मोबाइल नाही, आणि असला तरी मुलींच्या हाती तो क्वचितच येतो. तक्ता केवळ मोबाइलवर ठेवला, तर चित्रपट तीन-चार मुलांचाच होतो. म्हणून आम्ही तो छापून वर्गाच्या भिंतीवर लावला. एका मुलीने त्यावर पेन्सिलीने लिहिले, की सहाव्या दृश्यातील मुलाला विचारले आहे का?

सहाव्या दृश्यात बाजारात चहाचे पेले उचलणारा एक मुलगा होता. दोन वर्षांपूर्वी तो याच मुलांबरोबर शिकत होता. त्याला न सांगता दुरून टिपायचे, असे ठरले होते. दृश्य खरे वाटेल, असे मुलांचे म्हणणे. त्या एका ओळीवर पूर्ण तास वाद झाला. चित्रपट एकदा मोबाइलवरून मोबाइलवर गेला की परत बोलावता येत नाही. गावात कोणी त्याला त्यावरून चिडवले, तर त्याला तोंड कोण देणार? त्याला की आम्हांला?

अखेर दोन मुले त्याच्या घरी गेली. त्याच्या अब्बांनी चेहरा दाखवू नका म्हणून सांगितले. मुलगा स्वतः मात्र बोलायला तयार झाला. पहाटे किती वाजता उठतो आणि कोणता धडा त्याला अजून पाठ आहे, ते तो सांगणार आहे. तक्त्यात सहावे दृश्य आता असे आहे: पाण्यात पेले विसळणारे दोन हात, मागे त्याचा आवाज, वेळ सकाळी आठ, ऊन डावीकडून.