मोडीत शून्य, काचेआड ‘बसरा’

जुना दागिना मोडायला नेला की सराफाकडे काय होतं ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. कारागीर चिमट्याने खडे-मोती उचकटतो, आतली लाख काढून टाकतो आणि उरलेलं सोनं काट्यावर चढतं. टंच निघतो, घट वजा होते, त्या दिवसाच्या भावाने आकडा लिहिला जातो. मोती पुडीत बांधून परत मिळाले तर मिळाले. मागून घ्यावेत हे पुष्कळांना सुचतच नाही. त्याच पेठेत चार दुकानं पुढे काचेआड एक तन्मणी ठेवलेला असतो. त्यावर ‘अस्सल जुने बसरा’ अशी चिठ्ठी असते आणि सांगितलेल्या किमतीत सोन्याचा वाटा नावापुरता असतो.

जुन्या दागिन्यांचा धंदा या दोन भावांमधल्या अंतरावर चालतो. सगळे सराफ लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. सोनं तपासायला काटा आणि यंत्र पुरतं. मोती-माणकं तपासायला जाण लागते, आणि ज्याच्याकडे ती असते तो समोरच्याला ती फुकट का म्हणून देईल? म्हणून नव्या फॅशनपायी जुनी नथ किंवा तन्मणी घ्यायला निघालेल्यांना आणि घरातली मोडायला निघालेल्यांना माझं सांगणं एकच आहे: सोन्याची काळजी थोडी कमी करा आणि खड्या-मोत्यांकडे बघा.

बसरा मोती बसऱ्यात निपजत नसत. आखातात, विशेषतः बहारीनच्या भोवती, पाणबुडे शिंपले काढायचे आणि त्यांत सापडलेला माल व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईला यायचा. इथे त्याची प्रतवारी व्हायची, तो विंधला जायचा, ओवला जायचा आणि त्यातला बराचसा पुढे पॅरिस-लंडनला रवाना व्हायचा. मोत्याचं मोल ठरवायची मुंबईकर व्यापाऱ्यांची रीत ढोबळमानाने अशी, की एकूण वजनाचा वर्ग करायचा आणि मोत्यांच्या संख्येने भागायचं. या हिशेबाला ‘चव’ म्हणतात. एकेक कॅरेटचे चार मोती असतील तर सोळा भागिले चार, म्हणजे चार. तेच चार कॅरेट एका मोत्यात असतील तर सोळा. वजन तेवढंच आणि मोल चौपट. सोन्याच्या हिशेबाला सरावलेल्या माणसाला हे गणित पटकन पचत नाही, आणि फसगत नेमकी इथे होते.

या बाजाराचं पुढे काय झालं ते न्यूयॉर्कच्या एका घरावरून कळतं. 1917 च्या सुमारास कार्टिए या जवाहिऱ्याने फिफ्थ अव्हेन्यूवरची एक हवेली घेतली ती दोन सरांची मोत्यांची माळ आणि वर शंभर डॉलर देऊन. माळेची किंमत धरली होती दहा लाख डॉलर. तीच माळ 1957 मध्ये लिलावात निघाली तेव्हा दीड लाखांच्या आसपास गेली. मधल्या काळात जपानच्या मिकिमोतोचे संवर्धित मोती बाजारात उतरले होते, 1929 ची मंदी येऊन गेली होती, आणि 1932 मध्ये बहारीनला तेल लागल्यावर पाणबुड्यांनाही दुसरं काम मिळालं होतं. आखातातली मोतीवेचणी बसली. त्यामुळे खरा बसरा आज बहुधा जुनाच असतो. ‘नवीन आलेला बसरा माल’ असं कुणी म्हणालं तर चहा घ्यावा आणि उठावं.

आता भाव पुन्हा चढले आहेत, आणि त्याची काही ठळक उदाहरणं मराठी घराण्यातली आहेत. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या सात सरांच्या कंठ्यातल्या मोत्यांची दुपदरी माळ 2007 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सत्तर लाख डॉलरच्या वर गेली. त्यांनीच करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा 2009 मध्ये दोह्याला सोदबीजने सुमारे पंचावन्न लाख डॉलरला विकला. या बातम्या वाचून आजीच्या नथीकडे पाहणाऱ्यांना मात्र चवीच्या गणिताची पुन्हा आठवण करून द्यायला हवी. नथीतले मोती बारीक असतात आणि वर्गाचा नियम बारीक मोत्यांना निर्दयपणे लागू होतो. नथीत बंगला येणार नाही. पण शून्यही येणार नाही, आणि मोडीत आपण तेच शून्य निमूट मान्य करून येतो.

मोती ओळखायचा कसा? दातावर घासून पाहतात. खरखरला तर खरा. ही परीक्षा काच आणि प्लॅस्टिकपुरतीच खरी आहे. संवर्धित मोत्यावरही तोच शिंपल्याचा थर असतो, त्यामुळे तोही तसाच खरखरतो. फरक पोटात असतो. नैसर्गिक मोती गाभ्यापर्यंत थरावर थर चढत बनतो. संवर्धित गोल मोत्यात बहुधा शिंपल्याचाच घडवलेला मणी असतो आणि त्यावर वरचा पापुद्रा. विंधलेल्या भोकात दहापट भिंगाने पाहिलं तर मणी आणि पापुद्रा यांच्यामधली काळसर रेघ कधी कधी दिसते. ती दिसली नाही म्हणून मोती नैसर्गिक ठरत नाही. शेवटचा निवाडा क्ष-किरणांचा, आणि तो प्रयोगशाळेतच होतो. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे. किंमत मोठी सांगितली जात असेल तर अशा संस्थेचा दाखला दुकानदाराने आणून द्यावा, असा आग्रह गिऱ्हाइकाने धरायला हरकत नाही. तो कुरकुरला तर तेही उत्तरच समजावं.

माणकांची गोष्ट याहून खट्याळ आहे. दागिना खरोखर जुना आणि माणिक कृत्रिम, असं सर्रास असतं. फ्रान्सच्या ऑगुस्त व्हेर्नुईने ज्योतीत वितळवून माणिक बनवायची रीत 1902 मध्ये जाहीर केली आणि पुढच्या काही वर्षांत असली माणकं जगभर ढिगाने पोचली. त्यामुळे 1930 च्या सुमारास घडवलेल्या डागातलं माणिक आजोबांनी खरं समजून घेतलेलं असू शकतं आणि तरी ते कारखान्यातलं असू शकतं. भिंगाखाली त्यात वाकड्या, कमानीसारख्या रेघा आणि हवेचे बुडबुडे दिसतात. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेघा सरळ, कोनात मिळणाऱ्या असतात. उलटही घडतं. माणिक म्हणून बसवलेला खडा लालडी (स्पिनेल) निघतो. ब्रिटनच्या राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्स’चं माणिकही लालडीच आहे, तेव्हा आपल्याकडे निघाली तर लाजायचं कारण नाही. चांगल्या लालडीला आज मोलही चांगलं येतं.

बंद कोंदणात ही सगळी परीक्षा अवघड होते. जडावाच्या कामात खड्याखाली चमकता वर्ख घातलेला असतो, त्याला डाक म्हणतात. फिका खडा त्याने गडद दिसतो आणि साधी काचसुद्धा पेटून उठते. ही जुनी, मान्य कलाकुसर आहे, फसवणूक नव्हे. पण रंगाचे पैसे देताना तो रंग खड्याचा की डाकाचा, हे विचारायलाच हवं. हॉलमार्कवर इथे विसंबता येत नाही. 16 जून 2021 पासून हॉलमार्किंग सक्तीचं होऊ लागलं खरं, पण कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने त्यातून वगळले आहेत. शिक्का असला तरी तो सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

‘अँटिक’ म्हणून खपतं त्यातलं बरंचसं गेल्या वर्षी घडवून काळपट पॉलिश दिलेलं असतं. आवडलं तर जरूर घ्यावं, नवं समजून आणि नव्याच्या भावात. खरोखर शंभर वर्षांचा कलाकुसरीचा डाग 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतो. अशा वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. ‘शंभर वर्षांपूर्वीचा आहे हो’ असं सांगणाऱ्या दुकानदाराकडे तो परवाना मागून पाहा. डागाचं वय तिथल्या तिथे उतरतं. अमेरिकेतल्या सुनेला पणजीची नथ पाठवू पाहणाऱ्या घरांनीही हा कायदा आधी विचारून घ्यावा.

राहिली घरातली वाटणी. पाटल्या, गोठ, मोहनमाळ यांचे भाग तोळ्यांवर पडतात, आणि तन्मणीत सोनं फारसं नाही म्हणून तो सगळ्यांत धाकटीकडे जातो, तोही ‘घे गं, तुला आवडतो ना’ असं म्हणत. थोरल्या जावांनी त्याआधी मोती एकदा प्रयोगशाळेत दाखवून आणावेत. धाकटीने मात्र वाटणीच्या कागदावर सह्या होईपर्यंत हा लेख घरात फिरू देऊ नये.