विश्लेषण : ऑपरेशन टेबलावर रुग्णाला कसे झोपवले, याची नोंद का हवी?

कराडलगतच्या मलकापुरात कृष्णा रुग्णालयामुळे आजूबाजूच्या तालुक्यांतून रुग्णांची ये-जा असते. ऑपरेशन कोण करणार, खर्च किती, हे नातेवाईक विचारतात. ‘टेबलावर कसे झोपवणार?’ हे सहसा कोणी विचारत नाही. इथल्याच नव्हे, प्रत्येक रुग्णालयात हा प्रश्न विचारला जावा आणि त्याचे उत्तर केसपेपरवर असावे.

धोका कशात?

माणूस झोपेतही कूस बदलतो. भूल दिलेल्या रुग्णाला हात अवघडला तरी तो हलवता येत नाही. कोपराच्या आतल्या बाजूची नस टेबलाच्या कडेवर दाबली गेली, तर करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होऊ शकते. हात खांद्यापासून 90 अंशांहून जास्त बाहेर नेला, तर नसांवर ताण येतो. पाय वर बांधून केलेल्या शस्त्रक्रियेत गुडघ्याखालची बाहेरची नस दबली, तर पाऊल लुळे पडू शकते. उसाच्या फडात राबणाऱ्यासाठी याचा अर्थ रोजगार बुडणे.

फक्त शस्त्रक्रियेपुरतेच का?

नाही. शेवटच्या महिन्यांतील गरोदर स्त्री उताणी झोपली, तर गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब उतरू शकतो. सोनोग्राफीत घेरी आल्यास तिला डाव्या कुशीवर वळवावे लागते. हृदयविकाराने दम लागलेल्या रुग्णाला एक्स-रेसाठी सपाट झोपवले, तर श्वास आणखी कोंडतो. अरुंद टेबलावरून वृद्ध पडण्याची भीती असतेच.

नियम काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी तपासयादी आणली. तिच्या 19 मुद्द्यांत रुग्णाची ओळख, ॲलर्जी, उपकरणांची मोजणी आहे; रुग्णाला कसे झोपवले, हा स्वतंत्र मुद्दा नाही. मात्र स्थानिक गरजेनुसार भर घालण्याची मुभा यादीतच आहे. ती वापरावी.

‘हे आम्ही करतोच, लिहायला वेळ कुठे?’ असे उत्तर मिळेल. मनुष्यबळ अपुरे असते, हे खरेच. पण हात-पाय कसे ठेवले, आधार कुठे दिला आणि पुन्हा कधी तपासले, एवढ्या नोंदीला दोन ओळी पुरतात. सगळी काळजी घेऊनही कधी नस दुखावते. तेव्हा हीच नोंद डॉक्टरांच्याही कामी येते.

रुग्णाने काय करावे?

जुने फ्रॅक्चर, आखडलेला खांदा, न वाकणारा गुडघा किंवा आधीपासूनचा बधिरपणा भूल देण्यापूर्वीच सांगावा. हात कसा ठेवल्यावर दुखतो, हे शुद्धीत असलेला रुग्णच सांगू शकतो. ऑपरेशननंतर हातापायाला मुंग्या आल्या, तर ‘भुलीचा परिणाम असेल’ म्हणून गप्प न बसता लगेच सिस्टरांना सांगावे.