सोळा स्वप्नांची भिंत

म्हाताऱ्या माणसांचा वेळ जावा म्हणून त्यांना कागदी फुलं करायला द्यावीत, असं हल्ली जो तो सुचवतो. मला नाही पटत. माझ्या सासूबाई ८८ वर्षांच्या, हात थरथरतो. फुलपाखरांचा तयार संच त्यांनी सरळ बाजूला सारला. “मी काय बालवाडीत आहे?”

चैत्र लागला. महावीर जयंती शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे हाताशी तेरा दिवस. जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पुढे ठेवून म्हटलं, “आई, त्रिशलामातेची १६ स्वप्नं भिंतीवर लावू या. क्रम तुम्ही सांगा.”

मग काय! हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी... कलश आधी की मासे, यावर आमचा वाददेखील झाला. कात्री धरवत नाही, म्हणून कागद हातानेच फाडायचा. कडा उलट छान दिसतात. खळ रोज लागेल तेवढीच शिजवायची, शिळ्या खळीत जीव पडतात. चिकटवायचं टेबलावर पुठ्ठ्यावर. टांगायला स्टुलावर चढेल तो नातू.

शेवटच्या निर्धूम अग्नीला केशरी कागद मिळेना. सासूबाईंनी आपल्या ट्रंकेतून माझ्याच लग्नाची पत्रिका काढली, इतकी वर्षं जपलेली.

“फाड,” म्हणाल्या.